आंबील कोणाच्या नावाने?

मार्गशीर्ष अमावास्येला धाराशिवच्या बाजारात खरेदीसाठी आलेल्या परक्या माणसाची चांगलीच फसगत होते. दुकाने बंद, रस्ते ओस, चहाच्या टपरीवरही कोणी नाही. संचारबंदी लागली की काय असे वाटावे, इतकी सामसूम. सारे गाव त्या दिवशी शेतात गेलेले असते. हीच वेळ अमावास्या, बोलीभाषेतली येळवस. धाराशिव, लातूर आणि लगतच्या सोलापूरच्या काही भागात हा सण दिवाळीइतक्या उमाळ्याने होतो. सीमेपलीकडे कर्नाटकातही एळ्ळ अमावास्या म्हणून तो ओळखला जातो. ज्याचे शेत आहे तो जातोच, पण ज्याचे नाही त्यालाही कोणी ना कोणी आग्रहाने नेतो. जात आणि धर्म त्या दिवशी विचारत नाहीत.

शेतात कडब्याची कोप उभारलेली असते. तिच्यात पाच दगड मांडून त्यांना चुना आणि काव लावतात, हे पांडव. त्यांच्यापुढे बाजरीचे उंडे, नाना शेंगा, पालेभाज्या आणि बेसन एकत्र शिजवून केलेली भज्जी, गव्हाची खीर आणि ज्वारीची आंबील यांचा नैवेद्य ठेवतात. पूजा झाली की घरचा माणूस तांब्यात आंबील घेतो आणि उभ्या पिकातून शिंपडत जातो. मग पंगत बसते.

पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही नोकरीनिमित्त या जिल्ह्यात आलो, तेव्हा पहिल्याच वर्षी शेजाऱ्यांनी आम्हांला तेरणेकाठच्या आपल्या शेतात नेले. गाव त्यांना तात्या म्हणे, आम्हीही म्हणू लागलो. पूजा झाली. तात्यांनी एक तांब्या स्वतः घेतला, दुसरा आमच्यापुढे धरला आणि म्हणाले, “त्या अंगानं तुमी शिपा, गुरुजी.” आमचा हात पुढे झाला नाही. मागेही झाला नाही. क्षणभर तो अधांतरीच राहिला. तात्यांनी ते ओळखले. “तुमच्यात चालत नसंल तर ऱ्हाऊ द्या,” असे म्हणून त्यांनी दोन्ही तांबे आपल्याच हातांत घेतले आणि ते ज्वारीत शिरले. स्वरात राग नव्हता. पुढे पंगतीत पहिले ताट त्यांनी आमच्यापुढेच ठेवले. ते अन्न आम्ही पोटभर जेवलो.

हा प्रसंग वरवर किरकोळ आहे. परंतु त्याने उभा केलेला प्रश्न किरकोळ नाही. आमचा हात थांबला तो श्रद्धेपोटी की कोणी पाहिले तर काय म्हणेल या धास्तीपोटी? आणि श्रद्धेपोटी थांबला असेल, तर तोच नैवेद्य खाताना ती श्रद्धा कोठे गेली होती? त्याहून मोठा प्रश्न असा की, ज्या भक्तीचा जन्म एखाद्या भूमीच्या पोटातून, तिथल्या पाऊसपाण्यातून आणि भाकरीच्या विवंचनेतून झाला, तिच्याकडे ख्रिस्ती माणसाने कोणत्या दृष्टीने पाहावे? १९७७ साली स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांतात हा जिल्हा येतो. येथे आपली वस्ती तुरळक आहे. शेजाऱ्यावाचून येथे कोणाचे चालत नाही. त्यामुळे हा प्रश्न येथे पुस्तकात न राहता ताटात येतो.

या भूमीकडे एकदा नीट पाहिले पाहिजे. जिल्ह्यातून बालाघाटची रांग जाते. तिच्या एका अंगाचे पाणी मांजरा आणि तेरणा या नद्या गोदावरीच्या खोऱ्यात नेतात, दुसऱ्या अंगाचे सीना आणि बोरी भीमेकडे नेतात. नद्यांची नावे मोठी असली तरी त्यांतले पाणी मोजके. सह्याद्रीने पाऊस अडवल्यानंतर उरलासुरला ढग येथवर येतो. भूम-परंड्याकडचा शेतकरी तर आभाळाकडे पाहून पाहून म्हातारा होतो. मात्र या काळ्या मातीत एक गुण आहे. ती ओल धरून ठेवते. रब्बीची ज्वारी पेरल्यावर पावसाचा भरवसा नसतो. जमिनीने पोटात साठवलेल्या ओलीवर आणि रात्रीच्या दहिवरावर ती उभी राहते. वेळ अमावास्येला शेत हिरवेगार असते ते ढगाच्या कृपेने नव्हे, मातीच्या सांभाळाने. म्हणून त्या दिवशी शेतकरी वर पाहत नाही, खाली पाहतो आणि आंबील मातीला देतो. हे ध्यानात आल्यावर त्या तांब्याकडे ‘अंधश्रद्धा’ हा एक शब्द फेकून मोकळे होणे आम्हांला जमेनासे झाले.

तुळजापूरची भवानी, येरमाळ्याची येडेश्वरी, अणदूर-नळदुर्गचा खंडोबा ही येथली दैवते. डोंगर, माळ, मेंढरे आणि शेत यांच्या सान्निध्यातच ती वसली आहेत. ज्याला जमीन नाही तो उस्मानाबादी शेळी पाळतो; ही काळीभोर शेळी बहुधा जुळी देते आणि गरिबाची ठेव ठरते. ज्याला तेही जमत नाही तो दसरा झाला की कोयता घेऊन ऊसतोडीला जातो. येळवस येते तेव्हा तो कोठल्या तरी कारखान्याच्या फडात, पालाखाली असतो. मातीचे आभार मानायलाही पायाखाली थोडी माती आपली असावी लागते, हे या सणाचे गोडवे गाताना विसरू नये.

हीच गोष्ट जगाच्या दुसऱ्या टोकाला, अँडीज पर्वतावर, दुसऱ्या एका लोकसमूहाने केली होती. इंका लोकांचे राज्य पंधराव्या शतकात आजच्या पेरू देशातील कुस्को नगरापासून पसरत गेले आणि आजच्या कोलंबियाच्या दक्षिण सीमेपासून मध्य चिलीपर्यंत पोहोचले. त्याला ते ताहुआंतिनसुयू, म्हणजे एकत्र आलेल्या चार दिशा, असे म्हणत. कुस्को समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे. एका बाजूला कोरडे वाळवंट, दुसऱ्या बाजूला घनदाट अरण्य आणि मध्ये उभे कडे. त्या कड्यांना पायऱ्या पाडून, दगडी बांध घालून त्यांनी मका, क्विनोआ आणि बटाटा पिकवला. (आपल्या शेजाऱ्यांच्या उपवासाच्या ताटातला बटाटा मूळचा त्याच डोंगरांतला, हे सांगितले की येथे कोणाचा विश्वास बसत नाही.) रात्रीच्या हिमात बटाटा गोठवायचा, दिवसा तुडवून पाणी काढायचे आणि उन्हात वाळवायचा, असा बटाटा वर्षानुवर्षे टिके. लामा आणि अल्पाका ही त्यांची जनावरे. नाणे नव्हते, लोखंड नव्हते. कर भरायचा तो श्रमाने, आणि दुष्काळासाठी सरकारी कोठारे भरलेली असत.

अशा लोकांचा देव कसा असणार? थंडीने गोठणाऱ्या त्या मुलखात सूर्य हा पिता ठरला. इंती हे त्याचे नाव. विजेचा आणि पावसाचा देव इयापा. साऱ्यांचा कर्ता विराकोचा. प्रत्येक शिखर, झरा, विलक्षण आकाराचा धोंडा हे वाका, म्हणजे पवित्र स्थान. आणि भूमी ही पाचामामा, पृथ्वीमाता. तिला ते मक्याची आंबवलेली पेज, चिचा, ओतत. स्वतः पिण्याआधी चार थेंब जमिनीवर सांडण्याची चाल त्या डोंगरांत आजही आहे, आणि सांडणारे हात बहुतेक बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांचे आहेत. मक्याची पेज आणि ज्वारीची आंबील! मध्ये सारा समुद्र असता ही खूण एक कशी झाली याचे आम्हांला आता आश्चर्य वाटत नाही. ज्याला मातीने जगवले त्याला दुसरे काय सुचणार?

या लोकांशी आपल्या ख्रिस्तसभेची पहिली भेट मात्र लाजिरवाणी झाली. १६ नोव्हेंबर १५३२ रोजी काहामार्का येथे डोमिनिकन संघाचे फादर विन्सेंते दे वाल्व्हेर्दे यांनी इंका राजा आताहुआल्पा याच्या हाती एक धर्मग्रंथ दिला. ज्याने जन्मात पुस्तक पाहिले नव्हते त्याने ते उलटसुलट केले आणि टाकून दिले. तेवढे निमित्त पुरले. संध्याकाळपर्यंत त्याची हजारो नि:शस्त्र माणसे कापली गेली. त्याने खोलीभर सोने खंडणी दिली, तरी पुढच्या वर्षी त्याला मारण्यात आले. जिवंत जाळण्याची शिक्षा होती. बाप्तिस्मा घेतल्यास गळा आवळून मारू, असे सांगण्यात आले. त्याने बाप्तिस्मा घेतला. त्याच्या लोकांत पूर्वजांचे देह जतन करून पूजीत. जळालेल्या देहाला ते भाग्य नव्हते. त्या पाण्याला आपण संस्कार म्हणायचे काय?

पुढे सतराव्या शतकात ‘मूर्तिपूजेचे निर्मूलन’ या नावाने गावोगाव तपासण्या झाल्या. येशूसंघीय फादर आरियागा यांनी १६२१ साली या कामाची पद्धत सांगणारे पुस्तकच छापले. वाका फोडले गेले, गुहांतून जपून ठेवलेले पूर्वजांचे देह ओढून काढून चौकात जाळले गेले. त्याच आरियागांनी एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे: लोक चर्चच्या आवारात पुरलेली आपली माणसे रात्री चोरून उकरून काढीत आणि गुहेत नेऊन ठेवीत, कारण मातीच्या भाराखाली त्यांना त्रास होतो असे त्यांना वाटे. अधिकाऱ्याला यात मूर्तिपूजा दिसली. आम्हांला ती वाचताना आपल्या आईच्या कबरीवर पावसाळ्यात चिखल साचला म्हणून तळमळणारी माणसे आठवली.

न्यायाने बोलायचे तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १५८१ ते १६०६ या काळात लिमाचे महागुरू असलेले संत तुरिबियस केचुआ भाषा शिकले आणि त्या अवघड डोंगरांतून हजारो मैल फिरले. त्यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या लिमाच्या तिसऱ्या परिषदेने (१५८२-८३) धर्मशिक्षणाचे पुस्तक केचुआ आणि आयमारा या लोकभाषांत तयार करवले. १५८४ साली ते छापून झाले. त्यानंतर ३२ वर्षांनी, १६१६ साली, गोव्यातील रायतूर येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. ज्या साष्टी महालात त्यांनी आपल्या भाषेवर जीव लावला, त्याच साष्टीत १५६७च्या सुमारास देवळे पाडली गेली होती. एकाच ख्रिस्तसभेचे हे दोन हात. कोणत्या हाताचे वारस व्हायचे हे आपल्याला रोज ठरवावे लागते, आणि ते मोठ्या परिषदांत ठरत नाही.

तथापि इतिहासाची लाज वाटली म्हणून विवेक गहाण टाकावा असेही नाही. ‘भूमीतून उगवले ते सारे निर्मळ’ हा अलीकडचा भाबडेपणा आम्हांला मान्य नाही. हेच इंका निवडक मुलामुलींना उंच शिखरांवर नेऊन देवांना अर्पण करीत. १९९९ साली अर्जेंटिनातील युयाइयाको शिखरावर अशा तीन बालकांचे गोठलेले देह सापडले, जणू नुकतेच झोपी गेलेले. जिंकलेल्या लोकांचे वाका ते कुस्कोत आणून ठेवीत, ओलीस धरल्यासारखे. राज्य वाढले तसा देवही राज्याचा चाकर झाला. आपल्याकडे मुली देवाला वाहण्याची चाल होती. ती मोडण्यासाठी महाराष्ट्राला २००५ चा कायदा करावा लागला. ‘आमची रीत आहे’ एवढ्यावर कोणतीही रीत पवित्र ठरत नाही, मग ती त्यांची असो वा आपली. ज्या श्रद्धेपायी लेकराचा बळी जातो ती कितीही प्राचीन असली तरी तिला नाही म्हणणे हेच ख्रिस्ती कर्तव्य होय. परंतु बालकाचा बळी आणि आंबिलाचा तांब्या यांना एकाच नावाने हाक मारणे हाही अविवेकच.

नैवेद्याच्या अन्नाचा प्रश्न आपल्या धर्मात नवा नाही. संत पौलाला करिंथ येथील भाविकांनी नेमके हेच विचारले होते. त्याच शतकात आपल्या जिल्ह्यातील तेर, तेव्हाचे तगर, येथून कापड गाड्यांतून भडोच बंदराला जात होते आणि तेथून ते रोमन जगात पोहोचत होते, हे एका ग्रीक खलाशाने लिहून ठेवले आहे. म्हणजे करिंथच्या बाजारात तेरचे कापड आणि मूर्तीपुढचे मांस एकाच वेळी विकले जात असेल, अशी कल्पना करायला हरकत नाही. पौलाचे उत्तर एका वाक्याचे नाही. मूर्ती म्हणजे काहीच नव्हे, म्हणून अन्न बाटत नाही. अविश्वासी माणसाने जेवायला बोलावले तर जा आणि वाढलेले खा. पण तुझ्या खाण्याने दुबळ्या मनाचा भाऊ अडखळत असेल, तर थांब. आणि प्रभूच्या मेजावरही बसायचे व मूर्तीच्या वेदीतही भागीदार व्हायचे, असे मात्र करू नकोस. सारांश, खाणे आणि पूजणे यांत त्याने भेद केला आणि तो भेद मोजायला सदसद्विवेकाबरोबर भावाचे हितही दिले. आम्ही त्या दिवशी जेवलो त्यात चूक नव्हती, हे यावरून कळले. तांब्याचे काय, ते मात्र कळले नाही.

शेताला आशीर्वाद मागणे आपल्याला परके आहे काय? पाचव्या शतकात गॉल प्रांतात संत मामेर्तुस यांनी प्रार्थना म्हणत मिरवणुकीने जाण्याचे दिवस सुरू केले. पुढे शतकानुशतके युरोपातील धर्मग्रामे पिकांसाठी शेताच्या बांधाबांधाने फिरत राहिली. गोव्यात आजही नव्या भाताच्या लोंब्या फादरांच्या हातून आशीर्वादित होऊन घरी येतात. प्रत्येक मिस्सेत अर्पणाच्या वेळी भाकरी उचलताना याजक भूमीचा आणि मानवी कष्टांचा उल्लेख करतो. आसिसीकर संत फ्रान्सिसने तर आपल्या स्तोत्रात पृथ्वीला बहीण आणि माता अशी दोन्ही नाती दिली. फरक एवढाच, आणि तो लहान नाही, की फ्रान्सिस पृथ्वीची स्तुती करीत नाही. पृथ्वीसाठी प्रभूची करतो.

हा वाद जुना झाला असेही समजू नये. ऑक्टोबर २०१९ मध्ये रोममध्ये अॅमेझॉनविषयी धर्मगुरूंची सभा भरली असता, गर्भवती स्त्रीच्या काही लाकडी मूर्ती तेथे ठेवल्या होत्या. कोणी त्यांना पाचामामा म्हणून संतापाने टायबर नदीत फेकल्या. पोप फ्रान्सिस यांनी झाल्या प्रकाराबद्दल क्षमा मागितली आणि मूर्ती ठेवण्यात पूजेचा हेतू नव्हता असे सांगितले. दोन्ही बाजूंना प्रामाणिक कॅथलिक होते. पुढच्या फेब्रुवारीत आपल्या पत्रात पोपमहाशयांनी सुचवले की लोकांच्या भक्तीच्या एखाद्या रूपाला घाईने मूर्तिपूजा ठरवू नये. मे २०२५ मध्ये निवडून आलेले पोप लिओ चौदावे यांनी तर पेरूमध्येच मिशनरी आणि बिशप म्हणून अनेक वर्षे काढली आहेत. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारीत नाही असे म्हटले, त्याला आता ६० वर्षे उलटली. वचन जुने झाले. हात अजून अडखळतो.

आमच्या जिल्ह्याने याबाबतीत आम्हांला एकदा चांगलाच धडा दिला. जानेवारी २०२० मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन येथे भरले. साहित्यनगरीला तेरच्या संत गोरोबाकाकांचे नाव दिले होते आणि अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. धर्मगुरूला अध्यक्ष का केले म्हणून काहींनी विरोध केला. आजारी असतानाही फादर आले. कुंभारसंताच्या नावाच्या मांडवात एका कॅथलिक धर्मगुरूला या मातीने मानाचे आसन दिले. फादरांनी आपला ख्रिस्त लपवला नाही आणि गोरोबाकाकांच्या नावालाही ते बिचकले नाहीत. २५ जुलै २०२४ रोजी ते निवर्तले. आम्ही मात्र त्याच मातीत एका तांब्याला बिचकलो होतो.

तात्यांशी या विषयावर एकदाच बोलणे झाले. कोपीबाहेर हरभऱ्याचे घाटे सोलत बसलो होतो. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेचा भूकंप लातूर-धाराशिवची हजारो माणसे घेऊन गेला. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक दमून झोपले होते आणि दगडमातीच्या जाड भिंती त्यांच्यावर कोसळल्या. सास्तूरकडच्या एका गावी तात्यांची बहीण आणि तिची दोन मुले त्यात गेली. आम्ही भीत भीत विचारले, “तात्या, त्या वर्षीही आंबील शिंपली होती का?”

“शिपली की. पर राग धरून शिपली.” थोडा वेळ त्यांनी नुसतेच घाटे सोलले. “मग वाटलं, भुईचं काय चुकलं? ती तरी कुणाच्या तरी हाताखालीच हाय ना, गुरुजी.”

इंका राजकन्येचा आणि स्पॅनिश सरदाराचा पुत्र गार्सिलासो याने १६०९ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात वायना कापाक या राजाची एक कथा दिली आहे. सूर्योत्सवात राजा सूर्याकडे टक लावून पाहू लागला, पुरोहिताने हटकले. तेव्हा राजाने विचारले की, माझ्या राज्यात मला दूरच्या वाटेवर धाडू शकेल असा कोणी आहे काय? नाही, असे उत्तर आले. तर मग, राजा म्हणाला, हा आपला पिता सूर्य रोज त्याच वाटेने, न थांबता फिरतो, त्याअर्थी त्याला फिरवणारा कोणी मोठा धनी असला पाहिजे. ही कथा वाचली तेव्हा तात्यांचे घाटे सोलणारे हात डोळ्यांपुढे आले. धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही मुलांना जे अनेक तास घालवून शिकवतो, तेथवर ते आपल्या बहिणीच्या मरणावरून चालत गेले होते. आणि आम्ही समजत होतो की ते मातीला देव मानतात. आम्ही कधी विचारलेच नव्हते.

तात्या आता नाहीत. त्यांचा मुलगा दर येळवसीला बोलावतो. बहुधा आगमनकाळ किंवा नाताळचे दिवस असतात, तेव्हा आमची मुले-नातवंडेही घरी आलेली असतात. पांडवांच्या पूजेत आम्ही बसत नाही, आणि का बसत नाही हे त्या घराला ठाऊक आहे. आमच्यासाठी ते पूजा उरकून मग हाक मारतात. मागच्या खेपेला आंबिलाचे दोन तांबे भरून त्यांच्या मुलाने एक आमच्या नातवापुढे धरला. नातू आमच्याकडे पाहू लागला. येताना वाटेत आम्ही त्याला ही ज्वारी पावसावाचून कशी उभी राहते, ओल मातीत कोणी ठेवली आणि आभार कोणाचे मानायचे, हे सांगितले होते. “घे,” आम्ही म्हणालो. त्याने तांब्या डाव्या हातात धरला, उजव्याने क्रूसाची खूण केली आणि विचारले, “काका, कोणत्या बाजूनं सुरू करू?”

“त्या अंगानं जा,” तात्यांचा मुलगा म्हणाला, “आन् ताटं मोडू नको.”